तीन क्रेटमधलं इंग्रजी

आजच्या इंग्रजीच्या तासाची खरी किंमत: केळीचा ट्रक अर्धा तास उशिरा निघाला आणि माझा चहा गार झाला.

मंडळी, सावद्याला आमच्या पॅकिंग शेडवर सोनगीरच्या सुमनअक्का केळी निवडतात. चाळिशीत दहावीला बसल्यात, उद्या इंग्रजीचा पेपर. "त्यांना इंग्रजी मीच शिकवतोय," असं परवा याच ग्रुपवर मी मिरवलं होतं.

आज नाम, क्रियापद, विशेषण समजावताना माझा घसा बसला. अक्कांनी तीन रिकामे क्रेट ओढले आणि मी लिहिलेल्या शब्दांच्या चिठ्ठ्या केळीसारख्या निवडायला घेतल्या. नावाच्या क्रेटमध्ये स्ट्रेंथ, कामाच्या क्रेटमध्ये स्ट्रेंथन, गुणाच्या क्रेटमध्ये स्ट्राँग. ट्रक भरायचा सोडून हमालही बघत उभे राहिले.

"भाऊ, घड एकच शे, फण्या न्याऱ्या," अक्का म्हणाल्या.

मग 'ड्राय'ची चिठ्ठी हातात धरून थांबल्या. "हाई दोन क्रेटमा बसस. कसं काय?"

मी चिठ्ठी आधी कामाच्या क्रेटमध्ये टाकली, 'वाळवणं' म्हणून, मग गुणाच्या, 'कोरडं' म्हणून; दोन्हीकडे बसली. काही शब्द रूप बदलतात, काही तसेच राहतात, असं का? कुणाला ठाऊक असेल तर आजच लिहा, पेपर सकाळी आहे.

शेवटी आम्ही दोघांनी सराव पेपर सोडवला. अक्कांना दहापैकी आठ, मला पाच.