शिवदासच्या गळ्यातलं बटण

सुलक्षणा घाडी मुलुंड पूर्वेला, मिठागर रोडजवळच्या एका सातमजली इमारतीत राहायची. नवरा शिवदास भांडुपच्या कंपनीत फिटर होता. तो निवृत्त झाला, मुलगा सुयोग लग्न करून बंगळुरूला गेला आणि घरात दोघंच उरली. दुपारी ती ब्लाऊज शिवायला बसे, तो तिच्या मशीनला तेल घालून द्यायचा. आवाज चढवणारा माणूसच नव्हता तो. तो मालवणकडचा, ही साताऱ्याची. घरात मालवणी बोललो तर हिला परकं वाटेल, म्हणून लग्नानंतर त्यानं आपली बोली आपणहून मिटून ठेवली होती.

मग तो विसरायला लागला. आधी चष्मा, मग रस्ता. एकदा दूध आणायला म्हणून गेला तो थेट भांडुपला, कधीच बंद पडलेल्या कंपनीच्या गेटवर जाऊन उभा राहिला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि औषधानं फार फरक पडणार नाही हेही सांगून टाकलं. त्यानंतर थोड्याच दिवसांनी तो बाथरूममध्ये पडला. सुलक्षणाला एकटीला उचलवेना. ती मजल्यावरची दारं ठोकत फिरली, पण भर दुपारी कोण घरात असणार, आणि जे होते त्यांचे टीव्ही चालू होते.

हे कळल्यावर सुयोग रजा काढून आला. येताना त्यानं एक बटण आणलं, दोरीत ओवून गळ्यात घालायचं. दाबलं की समोरच्या फ्लॅटमधल्या मानसीच्या हॉलमध्ये आणि तळमजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी रामनाथ यांच्याकडे भिंतीवरची डबी कर्कश वाजणार.

"तू बाजारात गेलीस आणि बाबा पडले तर? म्हणून त्यांच्या गळ्यात," सुयोग म्हणाला. दोन दिवस बापाशेजारी बसून त्यानं शिकवलं. भीती वाटली की हे दाबायचं, बाबा. भीती वाटली की दाबायचं.

जेवलो की नाही हेही न आठवणाऱ्या शिवदासनं एवढं मात्र पक्कं लक्षात ठेवलं.

पहिल्यांदा बटण वाजलं तेव्हा सुलक्षणा स्वयंपाकघरात कांदा चिरत होती. दारावर धपाधप थापा पडल्या. उघडलं तर मानसी अनवाणी उभी, मागून रामनाथ जिना चढून धापा टाकत आलेले. शिवदास भिंतीला पाठ लावून उभा होता. त्यानं सुलक्षणाकडे बोट दाखवलं.

"ही बाय कोण आसा, माका ठावक नाय. माझ्या घरात शिरलेली आसा."

इतक्या वर्षांत सुलक्षणानं त्याच्या तोंडून मालवणी ऐकली नव्हती. मानसीला हसू आलं, रामनाथही हसले. "वहिनी, आता नव्यानं ओळख करून घ्या," ते म्हणाले. सुलक्षणाही त्यांच्याबरोबर हसली. ती माणसं गेल्यावर ती परत ओट्यापाशी गेली, पण उरलेला कांदा चिरणं काही तिला जमलं नाही. तो आपल्याला विसरला एवढंच नव्हतं. तो मागे, जिथं ती अजून त्याच्या आयुष्यात आलीच नव्हती, अशा जागी निघून गेला होता.

पुढे बटण आठवड्यातून एकदा वाजायचं, मग दोनदा, मग कधी कधी रोज. ती आंघोळ घालायला घेई, तो दाबायचा. कपडे बदलायला घेई, दाबायचा. शेजारी यायचे, पण आता कोणी हसत नव्हतं. आंघोळीत तो हिसके द्यायचा, पडू नये म्हणून ती दंड घट्ट धरायची, आणि म्हाताऱ्या कातडीवर तेवढ्यानंही काळंनिळं उठायचं. मानसीनं ते वळ पाहिले. त्यानंतर ती आली की आधी शिवदासचे हात बघायची, मग हिच्याशी बोलायची.

सुलक्षणानं बटण काढून ठेवलं तर तो ऊर बडवून रडायचा. पुन्हा घातलं की शांत व्हायचा, मुठीत धरून झोपायचा.

एके सकाळी सुयोगचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तो म्हणाला,

"आई, एक विचारू? रागावू नकोस. तू बाबांवर हात उचलतेस का?"

"कोण म्हणालं?"

"कोणी नाही. असंच विचारलं."

"नाही रे," ती म्हणाली. फोन ठेवल्यावर ती मशीनशी जाऊन बसली. कापड वर चढवलं आणि तशीच बसून राहिली.

ब्लाऊज शिवणं त्यानंतर बंदच पडलं. झोप तर केव्हाच गेली होती. शिवदास रात्ररात्र दाराची कडी खडखडवत राहायचा आणि ती त्याच्यामागे घरभर फिरायची.

मग तो रविवार आला. तिनं बांगड्याचं तिखलं केलं होतं. एकेक काटा काढून, भातात कालवून ती त्याला भरवत होती. चार घास त्यानं नीट खाल्ले. पाचवा तोंडात घोळवला आणि तिच्या तोंडावर थुंकला.

सुलक्षणाचा हात उठला. उठला तो थेट त्याच्या गालावर बसला, आणि चांगला सणसणीत बसला.

शिवदासचा हात बटणावर गेला होता. तिनं पाहिलं. पण त्यानं दाबलं नाही. हात सोडला, दोन्ही पंजे डोक्यावर धरले आणि खुर्चीत अंग चोरून बारीक आवाजात म्हणाला, "आये, मारू नको गो. परत करूचंय नाय."

सुलक्षणा त्याच्यासमोर खाली बसली. "अहो, मी आहे," म्हणाली. तो आणखी आक्रसला. थोड्या वेळानं तिनं हात पुढे केला आणि त्याच्या गळ्यातलं ते बटण स्वतः दाबलं.

मानसी आली. या वेळी चप्पल घालून, सावकाश. रामनाथही आले.

"मी मारलं यांना," सुलक्षणा म्हणाली. तोंडावरचा भात अजून तिनं पुसला नव्हता.

मानसीनं शिवदासच्या गालाकडे पाहिलं. बोटं उमटली होती. रामनाथ खाली बघत राहिले.

"आधीपण, काकू?" मानसीनं हळू विचारलं.

"नाही. आज पहिल्यांदा."

बोलतानाच तिला कळलं, हे आता कोणालाच खरं वाटणार नाही. सुयोगलाही नाही.

सुयोग त्याच आठवड्यात आला. आईला तो एका शब्दानंही बोलला नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. बदलापूरला अशा आजाराच्या लोकांना ठेवून घेणारी एक संस्था त्यानं शोधली होती. "तुलाही झेपत नाही, आई," एवढंच म्हणाला. तिनं शिवदासची बॅग भरली, मऊ झालेले सदरे निवडून वर ठेवले. गाडीत बसताना शिवदास खुशीत होता. खिडकीतून तिच्याकडे पाहून त्यानं सुयोगला विचारलं, "ती बाय येवची नाय मा?"

"नाही बाबा," सुयोग म्हणाला.

गाडी गेली. संध्याकाळी मानसीनं डब्यात खिचडी आणून दिली आणि दारातूनच परत गेली. सुलक्षणानं दोन घास खाल्ले, दिवा मालवला आणि आडवी झाली.

जाग आली तेव्हा फरशीवर ऊन पसरलं होतं. मध्ये एकदाही उठली नव्हती. अंग हलकं होतं, डोकं स्वच्छ होतं, भूकही लागली होती. त्या हलकेपणाची तिला एवढी किळस आली की ती अंथरुणावर बसूनच राहिली.

फोन वाजला. बाबांना बदलापूरला सोडून सुयोग बंगळुरूला पोहोचला होता.

"झोप लागली का गं रात्री?"

"नाही," सुलक्षणा म्हणाली.