शहजादीबाईंचं माप

भद्रावतीजवळच्या एका बरण्यांच्या कारखान्यात शहजादीबाई सत्तावीस वर्षं ग्लेझ कालवत आहेत. ग्लेझ म्हणजे बरणीला चकाकी देणारा लेप. त्यातली गारगोटीची पूड पाण्यात टाकली की तासाभरात टाकीच्या तळाशी दगडासारखी बसते. तिला तरंगत ठेवते आणि बरणीला चिकटवते ती बॉल क्ले, एक मऊसूत, चिकट, काळपट माती. पांढऱ्या बरणीला काळी माती कशाला, असं नवा माणूस हमखास विचारतो. "भट्टीत जाऊ दे, मंग पाहजो," बाई म्हणतात. भट्टीत तिचा काळेपणा जळून जातो.

पण मोठी हट्टी माती. वाळताना आकसते. लेपात जास्त झाली तर भेगा पडतात, आणि भट्टीत ग्लेझ गोळा होऊन बरणी जागोजागी उघडी पडते. म्हणून मातीचं नवं पोतं फोडलं की बाई आधी चार वड्या थापून वाळवायच्या, किती आकसल्या ते पाहायच्या आणि मगच माप ठरवायच्या. त्यांचा हात चुकत नाही, हे साऱ्या कारखान्यानं गृहीत धरलेलं. खुद्द त्यांनीसुद्धा.

गेल्या हिवाळ्यात भट्टी उघडली, तर दोनशे बरण्यांवर उघडे चट्टे. बरण्या ग्लेझमध्ये बुडवायचं काम रंजीताचं. दोन लेकरांची आई, कामाला लागून जेमतेम दोन महिने झालेले. बरणीला तेलकट हात लागला तरी ग्लेझ तिथून असंच सरकतं, आणि रंजीता रोज केसांना चोपून तेल लावून यायची. झालं, सगळ्यांना गुन्हेगार सापडला.

"उद्यापासून येऊ नका," मॅनेजर अश्विन म्हणाले. रंजीता आपले हात पदराला पुसू लागली.

शहजादीबाईंना त्या खेपेचं मातीचं पोतं आठवलं. घाईघाईत त्यांनी वड्या न थापताच नव्या पोत्याला जुनं माप लावलं होतं. हे दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं. गप्प बसल्या असत्या तर नावाला धक्का लागला नसता, आणि ते नाव त्यांना जिवापाड प्रिय होतं.

"थांबा साहेब," त्या म्हणाल्या. साबणानं हात खसखसून धुतले आणि त्याच टाकीत स्वतः दोन बरण्या बुडवल्या. "ह्या भाजून निघतवरी रंजीताले काढू नका."

तिसऱ्या दिवशी त्या दोन्ही बरण्यांवर तेच चट्टे. बाईंनी त्या सगळ्यांसमोर टेबलावर मांडल्या.

"ह्या बरण्यायले तेल नाई लागलं. ही माती जादा आकसते, अन् मी पाह्यलीच नाई. चूक माही हाय." मग उपायही बाईंनीच सांगितला. "अर्धी माती भाजून टाकू. भाजलेली आकसत नाई. कच्ची ग्लेझले तरंगत ठेवते."

पुढची भट्टी निर्मळ निघाली. आपलीच चूक स्वतःच्या हातानं भाजून चारचौघांत मांडायची, याला काळीज लागतं.

त्यानंतर नवं पोतं आलं तेव्हा बाईंनी रंजीताला जवळ बोलावलं. "आजपासून माहं माप रंजीता तपासन," त्यांनी अश्विनना सांगितलं. पहिल्याच दिवशी रंजीतानं त्यांना एक माप पुन्हा घ्यायला लावलं, आणि बाईंनी ते मुकाट्यानं घेतलं.