गव्हाला चोळलेला पारा

थर्मामीटर फुटला म्हणून त्यातला पारा मी एकदा वर्षभराच्या गव्हाला चोळला होता, आणि वर शेजारणीला ऐकवलं होतं, "एक दाणा किडणार न्हाई, बघ!" अशी मी अक्कलवान.

काल सुनेनं वडीगोद्रीहून गव्हात ठेवायच्या पाऱ्याच्या गोळ्या आणल्या. पुडी हातात घेतली आणि तो गहू आठवला.

तेव्हा मी बावीसची. माझी आई पारा राखेत खलून धान्याला लावायची, मला तेवढंच ठाऊक. फरशीवर पळणारे चकचकीत मणी मी कागदानं गोळा करत होते आणि दोन वर्षांची सुशी टाळ्या पिटत होती. महिनाभर त्याच गव्हाच्या पोळ्या झाल्या. मग गावातल्या नर्सबाई आल्या. मी कौतुकानं सांगितलं, तर त्या ओरडल्याच, "अगं बाई, इख हाये ते! पोरीला बी खाऊ घातलं?"

सुशी समोरच गूळपोळी खात होती. तिच्या हातातला घास काढून घ्यायचंही मला सुचलं नाही. नर्सबाई दुसऱ्याच कुणा बाईला बोलताहेत, असं वाटत राहिलं.

जालन्याच्या डॉक्टरांनी सुशीला तपासलं. काही सापडलं नाही, पण सगळा गहू टाकायला लावला. तेव्हा मला वाटलं, मी फार धीराची. आज वाटतं, मी तिथं नव्हतेच.

त्या दिवशी रिकामी कोठी पुसून सासूबाई माझ्याजवळ टेकल्या आणि म्हणाल्या, "गहू गेला तं जाऊ दे. पोरगी धड हाये. पण तू आजून रडली काहून न्हाई, माय?"