मुकादमाची जांभळी आंबुशी

झुंबर मुकादमानं तीस वर्षं द्राक्षबागेत टोळी चालवली. चालवली म्हणजे बांधावर उभं राहून आरडाओरडा केला. छाटणी आम्ही केली, क्रेट आम्ही वाहिले. त्याच्या तळहाताला घट्टा म्हणून पडला नाही. आता आम्ही दोघंही घरी बसलोय, मखमलाबाद रोडच्या एकाच कॉलनीत, समोरासमोर.

फेब्रुवारीत त्याची सून स्नेहा बाळंतपणासाठी इगतपुरीला माहेरी गेली. तिच्या खिडकीत एक कुंडी होती. जांभळी, तीन-तीन पाकळ्यांची पानं. नर्सरीतून आणलेली आंबुशी. हिरवी आंबुशी आम्ही बागेतून खुरपून फेकायचो. ही जांभळी, म्हणून घरात मानानं बसलेली.

निघताना ती म्हणाली, "बाबा, एवढं तरी सांभाळा."

ते त्याला झोंबलं. मला येऊन सांगितलं, "नाथा, ती येईल तेव्हा कुंडी मावणार नाही खिडकीत. बघच तू."

आंबुशी संध्याकाळी पानं मिटते. खुरपणी केलेल्या कुणालाही हे ठाऊक असतं. मुकादम कधी वाकलाच नव्हता. पानं मिटली की त्याला वाटे, तहानली. रोज संध्याकाळी मगभर पाणी. खालच्या बशीत साचलं तरी ओतायचा.

एप्रिलमध्ये पानं सुकून लोळली. तसा त्यानं सकाळचाही एक मग सुरू केला. मेच्या सुरुवातीला कुंडी घेऊन माझ्या दारात उभा.

"मेली रे ही. पोरीला काय तोंड दाखवू?"

मी खुरप्यानं माती उपसली. घाण वास आला. कंदांचा लगदा झाला होता. चाचपून पाहिलं, तर तीन कडक निघाले.

"फळ उतरल्यावर बागेचं पाणी का तोडायचो, मुकादम?"

"वेलीला विश्रांती द्यायला."

"मग हिला?"



वाळू मिसळलेल्या कोरड्या मातीत मी ते कंद लावले. "महिनाभर काही करायचं नाही. पाणी नाही, काही नाही. जमेल?"

"न जमायला काय झालं?"

मलाही वाटलं, जमेल. काही न करण्यात त्याची हयात गेली. पण तिसऱ्याच दिवशी मग घेऊन खिडकीपाशी सापडला. शेवटी मी कुंडी उचलून माझ्याकडे नेली. जूनमध्ये कोंब दिसले, तेव्हा चमच्यानं पाणी दिलं. पानं उघडल्यावर कुंडी त्याच्या खिडकीत परत ठेवली.

जूनअखेर स्नेहा बाळ घेऊन आली. कुंडी पाहून म्हणाली, "अगंबाई! तीनच पानं?"

"अगं, उन्हाळ्यात तिला विश्रांती लागते," मुकादम म्हणाला. "पाणी तोडावं लागतं. लोक उगाच ओतत बसतात. लय कष्ट आहेत त्यात, विचार नाथाला."

बांधावरचा तोच आवाज.

"कमाल केलीत, बाबा," म्हणत ती बाळ त्याच्या हातात द्यायला पुढे झाली.

"स्नेहा," मी म्हणालो, "आधी मुकादमाला खाली बसव, कधी क्रेट उचललेला नाही त्यानं. मग दे."