डावीकडची चकती

तोकुजी ओनोदेरा यांचं कॅमेरा दुरुस्तीचं दुकान माझ्या सोबाच्या, म्हणजे रश्शातल्या शेवयांच्या, दुकानाच्या बरोबर वर आहे. माझ्या रश्शाची वाफ वर जाते, त्यांची बडबड खाली येते. सव्वीस वर्षं आम्ही एकमेकांना असं सहन करतोय.

बहात्तर वर्षांच्या या गृहस्थाचा बॅटरीवरचा राग सगळ्या गावाला ठाऊक आहे. कुणी बॅटरीवर चालणारा कॅमेरा आणला की ते तो दोन बोटांनी उचलतात, शिळा मासा उचलावा तसा. दुरुस्ती मात्र चोख करतात. गाव त्यांचं बोलणं ऐकून घेतं, कारण या रागामागची गोष्ट आम्हाला माहीत होती. ते चोवीस वर्षांचे असताना त्यांचे वडील अग्निशमन पथकाच्या नववर्षाच्या संचलनात शेवटच्या वेळी कसरतीच्या शिडीवर चढले, आणि ऐन वेळी तोकुजींच्या नव्या कॅमेऱ्याची बॅटरी थंडीनं गारठली. एकही फोटो आला नाही. वडील त्याच उन्हाळ्यात गेले.

यंदा शेवटची पाळी माझ्या नवऱ्याची, यासाकूची होती. वीस फुटांची बांबूची शिडी, खाली बारा जण लांब आकड्यांनी ती धरून उभे, आणि वर हा माणूस हात सोडून आडवा होतो. साठी झाली की पथकाच्या नियमानं शिडी बंद. एकतीस वर्षांत मी एकदाही ते बघितलं नाही. दर जानेवारीत दुकानात रस्सा ढवळत बसायचे. मला भीती वाटायची, आणि तसं त्याला कळू द्यायचं नव्हतं. पेपरवाले तरण्या पोरांचेच फोटो छापतात, म्हणून शिडीवरचा त्याचा एकही फोटो घरात नाही. यंदा मी वर बघणार होते आणि फोटोही मीच काढणार होते.

मोबाइलचा भरवसा नव्हता. उणे बारा अंशांत तो खिशातून काढला की डोळे मिटतो. म्हणून जिना चढून वर गेले. तोकुजींनी माझ्यापुढे दोन कॅमेरे ठेवले. एक बॅटरीवर चालणारा, उजेड स्वतः मोजून घेणारा. दुसरा जुना, नुसत्या चाकांवर आणि स्प्रिंगांवर चालणारा. त्यात उजेडाचा अंदाज आपणच करायचा. मी बिनदिक्कत पहिल्यावर हात ठेवला. मला कशाला नसती डोकेदुखी?

"फुमिए-सान, सोबा उकळताना तुम्ही घड्याळ बघता?" त्यांनी विचारलं.

"घड्याळ बघायची वेळ आली तर दुकान बंद करीन."

"मग झालं, हे कळतं कसं?"

"पाण्याचा आवाज बदलतो."

"उजेडाचंही तसंच आहे. सावलीची कड बघा. तुम्हाला यंत्रानं सांगायची गरज नाही."

कौतुक ऐकून मी फुगले, हे कबूल करते. जुना कॅमेरा घेऊन खाली आले.

मग महिनाभर माझा छळ झाला. सावली बघायला मी दोन दिवसांत शिकले: कड धारदार असेल तर भिंगाचं भोक लहान, पुसट असेल तर मोठं. पण रीळ भरणं त्यांनी माझ्याकडून रोज वीस वेळा करून घेतलं. डोळे मिटून, हात बर्फात बुचकळून. खटका ओढला की डावीकडची चकती फिरते का, ते बघायचं. फिरली तर रिळाचं टोक फटीत बसलं, नाहीतर नाही. एकदा त्यांच्या नादात माझा सोबा लगदा झाला, तेव्हा मी भडकले. तुमचा राग बॅटरीवर आहे की माझ्यावर, असं विचारलं. ते हसले नाहीत. चकती बघा, एवढंच म्हणाले.

संचलनाच्या दिवशी लख्ख ऊन होतं आणि सावल्यांना सुरीसारखी कड होती. पहिलं रीळ मी तरण्या पोरांवर संपवलं. यासाकूचं नाव पुकारलं तशी घाईनं दुसरं भरलं. खटका ओढला, बटण दाबलं. टक. कानाला अगदी ठणठणीत आवाज.

चकती फिरली नव्हती.

यासाकू तिसऱ्या पायरीवर होता. मी दातांनी हातमोजा ओढून काढला, झाकण उघडलं, रिळाचं टोक फटीत सरकवलं. बोटांना काही जाणवत नव्हतं, पण त्यांना काम पाठ होतं. झाकण लावून खटका ओढला. चकती फिरली. मग मी वर बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा. माझा नवरा आभाळात आडवा झाला होता, दोन्ही हात सोडून, आणि त्याला कसलीही भीती नव्हती. मलाही वाटली नाही. मी तीन फोटो काढले.

रीळ तोकुजींनीच धुतलं. तिन्ही फोटो स्वच्छ आले होते. चकतीची हकिकत मी तिखटमीठ लावून सांगितली. मग त्यांनी खणातून बिस्किटांचा डबा काढला. डब्यात धुतलेल्या रिळाच्या पट्ट्या होत्या, आरपार कोऱ्या.

"बॅटरीवाला कॅमेरा त्या दिवशी घरीच होता," ते म्हणाले. "थंडीत दगा देईल म्हणून मी वडिलांचा जुना नेला. छत्तीस वेळा टक वाजलं. रीळ फटीत बसलंच नव्हतं, आणि मी चकती बघितली नाही. वडिलांना सांगायची लाज वाटली, म्हणून बॅटरीवर ढकललं. ती बिचारी थोडीच उलट बोलणार होती."

मी हातातल्या कॅमेऱ्याकडे बघितलं. "हाच?"

"हाच. बॅटरीवाला निदान बॅटरी संपली की थांबतो. हा थांबत नाही, हो हो करत राहतो. म्हणून तुमच्या मागे लागलो होतो."

अठ्ठेचाळीस वर्षं सगळं गाव त्यांच्याबरोबर बॅटरीला शिव्या देत होतं. मला रागही आला आणि या म्हाताऱ्याविषयी मायाही वाटली. उद्यापासून बॅटरीवाले कॅमेरे दोन्ही हातांनी उचलायचे, असं मी त्यांना बजावलं. त्यांनी मान डोलावली. मग यासाकूच्या फोटोची एक प्रत मागितली.

"तुम्हाला कशाला?"

"वडिलांच्या स्मृतीच्या देव्हाऱ्यापुढे ठेवतो," ते म्हणाले. "आणि बॅटरी गेली नव्हती, हे त्यांना सांगून टाकतो."

त्यांच्यासाठी मी सगळ्यात मोठी प्रत काढायला सांगितली.