शनिवारऐवजी रविवार मिळणेबाबत

विषय : साप्ताहिक सुट्टी शनिवारऐवजी रविवारी मिळणेबाबत.
अर्जदार : दावीद साळवे, मोल्डर, औद्योगिक वसाहत, अहिल्यानगर.
संदर्भ : अर्जदाराचे यापूर्वीचे सर्व अर्ज.

वरील विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, सरकारच्या कामगार कचेरीत कारकुनी केलेल्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. कपाटावर धूळ साचते तसे ते साचतात. धूळ निदान दिवाळीला झाडली जाते. आता मी निवृत्त आहे. संध्याकाळी मित्र म्हणतात, "सांगा एखादा," आणि कुठूनही सुरुवात केली तरी मी दावीदवरच येतो. म्हटलं, एकदा त्याचाच निपटारा करून टाकू. कचेरीत झाला नाही, इथं तरी!

*

दावीद पहिल्यांदा टेबलापाशी आला तेव्हा मी नेहमीचा प्रश्न विचारला, "सुट्टी देत नाहीत का?"

"देत्यात की भाऊसाहेब. शनवारी देत्यात. मला रविवारी पायजे."

"का?"

"पोरगी वसतिगृहात हाय, आठवीला. भेटायचा वार रविवार. आन् रविवारी मी भट्टीपुढं."

घर शेवगावकडं. बायको तिथं दुसऱ्याच्या शेतात कामाला, हा इथं फाउंड्रीत लोखंड ओतायच्या साच्यांवर, आणि पोरगी एस्तेर याच शहरात, बापाच्या खोलीपासून सायकलच्या अंतरावर. शनिवारी हा वसतिगृहाच्या फाटकापर्यंत जायचा, चटणीचा डबा वॉचमनच्या हातात द्यायचा आणि परत फिरायचा.

"एखाद्या रविवारी खाडा कर की."

"करतो की कवा कवा. मंग मुकादम आठवडाभर बिनपगारी बसवून ठिवतो."

शनिवारच का, तर मालकांचा धंदा लोखंडाचा. शनिवारी लोखंडाला हात लावायचा नाही, ही त्यांची श्रद्धा. त्या दिवशी भट्टी थंड, आणि मालक शिंगणापूरला तेल वाहायला. रविवारी पहाटे भट्टी पेटणार, म्हणजे सगळे हजर हवेत.

आमच्या साहेबांनी अर्ज वाचून चष्मा काढला. "सुट्टी मिळत नाही म्हणून रडणारे पुष्कळ पाहिले. हा मिळते म्हणून रडतोय!"

आमचा शिपाई बबन दाराशी उभा होता. तो म्हणाला, "मालक शनीला भितो, ह्यो पोरीला. आता जास्त कडक कोन, ते ठरवा साहेब!"

*

तरी साहेबांनी चौकशी लावली. आमच्या इन्स्पेक्टरांना आठवडाभर सवड नव्हती. पण माणूस कर्तव्यदक्ष. शनिवारी सहकुटुंब शिंगणापूरला निघाले होते, त्यांनी गाडी वाटेत फाउंड्रीपाशी थांबवली. फाटकाला कुलूप.

सोमवारी अहवाल आला : "तपासणीसमयी कारखान्यात एकही कामगार कामावर आढळला नाही. सर्व कामगार साप्ताहिक सुट्टीचा लाभ घेत असल्याचे दिसून आले. सबब तक्रारीत तथ्य नाही."

खाली एक ओळ जास्तीची होती : "मालक दर्शनाच्या रांगेत भेटले असता त्यांनीही यास दुजोरा दिला."

*

मला वाचायची खोड. एकदा साहेबांचा मूड बरा बघून म्हटलं, "साहेब, रविवारची सुट्टी काही इंग्रजानं आपल्याला खुशीनं दिलेली नाही. मुंबईच्या गिरणीतल्या मजुरांनी सभा घेऊन, अर्ज करून मिळवली. रविवार हा खंडोबाचा वार, असंही एक कारण त्यांनी दिलं होतं म्हणतात."

साहेब खुर्चीत सरळ झाले. "असं? मग या ख्रिश्चन माणसाचा अर्ज कसा चालेल? खंडोबाच्या भक्ताला करायला सांगा!"

हे मी दावीदला गंमत म्हणून सांगितलं. तो हसला नाही. पुढच्या खेपेला शेजारच्या साच्यावरच्या मल्हारी कोकरेला घेऊनच आला. मल्हारीच्या कपाळाला भंडारा.

"कुटं सही करू?" मल्हारी म्हणाला. "वार त्याचा बी हाय, माजा बी हाय. आन् त्याची पोरगी मला काका म्हनती."

साहेबांनी दोन्ही सह्या निरखून पाहिल्या. "आता हा एकट्याचा अर्ज राहिला नाही. हा सामूहिक प्रश्न झाला. त्याचं टेबल वेगळं आहे."

टेबल होतं. त्यावर माणूस नव्हता.

*

पुढं माणूस आला आणि सुनावणीही लागली. मंगळवारी. दावीद खाडा करून आला, मालकांच्या बाजूनं कुणीच आलं नाही. साहेबांना वाईट वाटलं. म्हणाले, "कशाला रोज बुडवतोस? तुझ्या सुट्टीच्या दिवशी तारीख देतो."

"माजी सुट्टी शनवारी, साहेब."

"शनिवारी कचेरी बंद असते. आम्हाला आता पाच दिवसांचा आठवडा आहे."

"मंग रविवारी?"

"रविवारी तर बंदच!"

दावीदनं जरा वेळ हिशेब लावला. "म्हंजी तुमाला शनवार बी, रविवार बी?"

"अरे, आम्हालाही तो सहज मिळाला नाही. किती निवेदनं दिली, ठाऊक आहे?" साहेब दुखावल्या सुरात म्हणाले.

"व्हय? कुनाकडं दिली, तेवडं सांगा. मी बी तिकडंच देतो!"

*

मधे जिल्ह्याचं नाव बदललं. दावीदचा अर्ज परत गेला. शेरा : "जिल्ह्याचे नाव जुने आहे. दुरुस्त करून सादर करावे." त्यानं पेनानं दुरुस्त केलं. पुन्हा परत. शेरा : "खाडाखोड." तिसऱ्यांदा तो स्वच्छ टाइप करून घेऊन आला, नवं नाव ठळक अक्षरात. पण आमचा शिक्काच अजून जुन्या नावाचा होता, म्हणून मला पोच देता येईना.

"राहू द्या भाऊसाहेब," दावीद म्हणाला. "तुमचं बी बदलायला टायम लागनार."

*

कामगारांचे जुने कायदे जाऊन नवे आले, तेव्हा मी निवृत्त होऊन घरी बसलो होतो. टीव्हीवर चर्चा, सुधारणा म्हणून अभिनंदनं. दावीदचा फोन आला. आवाज चांगला खुललेला.

"भाऊसाहेब, कायदा बदलला म्हनं! मिळतोय का आता रविवार?"

मी बबनला फोन लावला, बबननं नव्या साहेबांना विचारलं. तासाभरानं मी दावीदला कळवलं, "अजून नाही. पण अर्ज आता नव्या कायद्याखाली पुन्हा करायचा आहे. पहिल्यापासून."

मग तो म्हणाला, "बरं. सुदारना लई झाली."

*

परवा रविवारी बस स्टँडवर गाठ पडली. इस्त्रीचा शर्ट, खांद्यावर पत्र्याची पेटी, शेजारी एस्तेर. पोरगी बापाच्या खांद्याला लागली होती. मी लांबूनच ओरडलो, "मिळाला का रविवार?"

"न्हाई. खाडा केला. हिची धाव्वी झाली, वसतिगृह सुटलं. गावाकडं सोडून येतो."

खरं सांगतो, मला सुटल्यासारखं झालं. म्हटलं, "चला! मग तो अर्ज आता मागं घेऊन टाक. मी बोलतो कचेरीत. 'अर्जदाराची गरज संपल्याने प्रकरण बंद करण्यात येत आहे,' एवढी एक ओळ पुरते."

दावीदनं एस्तेरकडं पाहिलं. तिनं पेटीची कडी घट्ट धरली होती.

"नका घेऊ मागं, काका," ती म्हणाली. "जूनपासून धाकटी येतीये तिथं. पाचवीला."

शेवगावची गाडी लागली. दोघं चढली.

सदर अर्ज अद्याप प्रलंबित आहे.