कुझिकांचं जाडं अस्वल

सप्टेंबरचा तिसरा आठवडा उजाडला की ओरेस्ट कुझिकच्या स्वयंपाकघरात एक पोर घामाने निथळत उभं असतं. बाहेर परसात टोमॅटो अजून पिकायचे असतात, आणि आत त्याची लेक लारिसा गळ्यापर्यंत चेन ओढलेला जाडजूड स्नोसूट घालून, दोन्ही हात पसरून खुर्चीवर चढलेली असते. ओरेस्ट तोंडात टाचण्या धरून तिच्याभोवती टेप गुंडाळत फिरतो.

हॅलोविनच्या सोंगाचं माप स्नोसूटवरूनच घ्यायचं, हा आमच्या कॅनडातल्या, मॅनिटोबाच्या उत्तरेकडच्या गावांचा शिरस्ता. ऑक्टोबरच्या अखेरच्या संध्याकाळी इथे बर्फ असतो, सोंग स्नोसूटवरच चढतं. परी असो की चेटकीण, घेर सगळ्यांचा सारखाच. पण इतर घरांत हे काम आया करतात, तेही अगदी गळ्याशी आल्यावर. दीड महिना आधी शिवणयंत्राला तेल घालणारा बाप गावात एकच. त्याच्या आईचं शिवणाचं दुकान होतं. हात तिचा आला आणि हट्टही तिचाच.

हा ओरेस्ट हिवाळ्यात गावाची बर्फ काढायची गाडी चालवतो. त्यामुळे मेव्हण्याबद्दल बोलावं तसा तो बर्फाबद्दल बोलतो. कधी येणार, किती दिवस मुक्काम ठोकणार, किती छळणार, सगळं त्याला आधीच ठाऊक. लारिसा सहा वर्षांची होती त्या वर्षी त्याने पोस्टात, चार माणसांसमोर, जाहीर करून टाकलं, "एकोणतीस ऑक्टोबर. लिहून ठेवा."

त्या चौघांतल्या फोंतेनबाईंनी खरंच लिहून ठेवलं. घरी जाऊन कागद फ्रिजवर डकवला. चांगल्या ठसठशीत अक्षरात.

लारिसाला अस्वल व्हायचं होतं. साधंसुधं नाही. अस्वलं झोपी जाण्याआधी खाऊन खाऊन टम्म होतात, हे ओलाफसनबाईंनी वर्गात शिकवलं होतं, आणि हिने तिथल्या तिथे उभं राहून सांगितलं होतं की माझं अस्वल गावात सगळ्यांत जाडं असेल.

"बाबा, मी सांगून बसलेय हं," ती म्हणाली.

"मग होणारच," ओरेस्ट म्हणाला, आणि स्नोसूटच्या मापावर आणखी वीतभर कापड सोडलं.

तिच्या तीन वर्षांच्या भावाला, डॅन्कोलाही अस्वलच व्हायचं होतं. पण कापड संपलेलं. ओरेस्टने उरल्यासुरल्या तुकड्यांचा ससा शिवला. डॅन्कोने सशाचे कान कुत्र्याच्या पाण्यात बुडवले आणि सांगितलं, "ससा नाही." त्याला त्या संध्याकाळी आजीपाशी ठेवायचं ठरलं.

एकोणतीस तारखेला ऊन पडलं. तीसला त्याहून चांगलं पडलं. एकतीसला पारा अठरावर गेला, लोक अर्ध्या बाह्यांत अंगणातली पानं गोळा करायला लागले आणि ओरेस्ट गाडीच्या पात्याला ग्रीस लावत बसला.

"तुझा पाहुणा रस्ता चुकला वाटतं," डार्लीन खिडकीतून म्हणाली. अकरा वर्षांच्या संसारात नवऱ्याला चिडवायची एकही संधी या बाईने वाया घालवलेली नाही.

"वाटेत आहे," ओरेस्ट म्हणाला.

दुपारी स्नोसूटवर अस्वल चढवलं. पाच मिनिटांत लारिसाचं तोंड उकडलेल्या बीटासारखं झालं. "काढा ते! पोरगी शिजेल आतमध्ये," डार्लीनने फर्मान काढलं. स्नोसूट निघाला आणि अस्वल खाली बसलं. बूड जमिनीवर लोळायला लागलं, पंजे गुडघ्यांखाली गेले, डोकं नाकावर आलं.

लारिसाने आरशात पाहिलं. "हे अस्वल आजारी आहे," ती म्हणाली, आणि आरशाकडे पाठ केली.

ओरेस्टने उशी कोंबली. ती घसरून पायात गेली. मग त्याने अंगणातली पोतंभर पानं भरली. अस्वल दारापर्यंत चाललं आणि मागे पानांचा रस्ता करून पुन्हा बारीक झालं. शिवाय पोटात खाज. लारिसाने सगळं अंगावेगळं केलं आणि जिन्यात जाऊन बसली. ओरेस्ट खाली मान घालून पानं झाडू लागला. बर्फाचा अंदाज चुकला त्याचं त्याला फारसं काही नव्हतं. गावाने हसावं, गाव हसतंच. पण पोरीने आपल्या भरवशावर वर्गात शब्द दिला होता.

एवढ्यात जमिनीवरचं अस्वल हललं. मग रांगायला लागलं. त्याच्या पोटातून डॅन्कोचा आवाज आला, "मी अस्वल!"

ओरेस्ट बघतच राहिला. "लारिसा, इकडे ये. पोटात भाऊ मावेल का गं?"

"तो मध्येच बोलेल."

"बोलू दे की. अस्वलाचं पोट गुरगुरतंच."

संध्याकाळी चार पायांचं, भलं गरगरीत अस्वल रस्त्याला लागलं. मागे ओरेस्ट. अठरा अंशांत अंगात हिवाळ्याचा जाडा कोट, पार्का, गळ्यापर्यंत बंद. माणूस घामाने भिजला, पण चेन खाली ओढायला तयार नाही.

फोंतेनबाईंनी दार उघडलं ते कागद हातात घेऊनच. "एकोणतीस, ओरेस्ट!"

"वाटेत आहे."

"हो का? पार्क्याच्या आत पाऊस सुरू झालेला दिसतोय." मग त्यांची नजर खाली गेली. "अगंबाई! केवढं हे पोट! काय खाल्लंस तरी काय गं?"

"भावाला," लारिसा म्हणाली.

पोटाची चेन उघडली आणि आतून एक छोटा हात रिकामी पिशवी घेऊन बाहेर आला. फोंतेनबाई इतक्या हसल्या की चॉकलेटं दोनदा दिली गेली.

अकरा घरं झाली. बाराव्याच्या अलीकडे अस्वलाचे मागचे पाय थांबले. डॅन्को आत उभ्याउभ्या झोपला होता. ओरेस्टने त्याला अलगद काढून खांद्यावर टाकलं आणि अस्वलाचं पोट पुन्हा लोंबायला लागलं. शेवटचं घर राहिलं होतं आणि ते नेमकं ओलाफसनबाईंचं.

लारिसा बापाकडे बघत राहिली.

ओरेस्टने आकाशाकडे पाहिलं. चांदण्या लखलखत होत्या, ढगाचा मागमूस नव्हता. मग त्याने झोपलेलं पोर या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत चेन खाली ओढली, पार्का काढला, गुंडाळला आणि अस्वलाच्या पोटात कोंबला. वर चॉकलेटच्या दोन्ही पिशव्या ठेवून चेन बंद केली. उशीसारखा तो घसरला नाही. बाह्या लारिसाच्या कमरेशी बांधल्या होत्या.

"एवढं जाडं अस्वल मी जन्मात पाहिलं नाही," ओलाफसनबाई म्हणाल्या, आणि त्या उगाच बोलणाऱ्यातल्या नव्हेत. लारिसाने आनंदाने पोटावर थाप मारली. "उद्या वर्गात सांगाल?"

"सगळ्यांत आधी सांगेन." मग त्यांनी बनियनवर उभ्या असलेल्या ओरेस्टकडे पाहिलं. "आणि तुम्हाला थंडी नाही वाजत?"

"छे हो," ओरेस्ट म्हणाला. "किती छान हवा आहे!"

समोरच्या घराच्या पायरीवर फोंतेनबाई भोपळ्यातली मेणबत्ती विझवत होत्या. ते ऐकताच त्यांनी हातातलं काम टाकलं आणि लगबगीने आत गेल्या.

ओरेस्ट एका खांद्यावर डॅन्को आणि दुसऱ्या हाताला अस्वल घेऊन घरी पोचला तेव्हा डार्लीन दारातच उभी होती. हातात फोन अजून तसाच होता.

"हवा छान आहे म्हणे," ती म्हणाली.